उजेड कुणाचा, आस किती, अंतर कुठून मोजायचं?
वाचकांचे प्रश्न : बेकायदा मासेमारी

बेकायदा मासेमारीवर काही छापून आलं की पत्रं येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो : कायदा आहे, पण होत काही नाही. या वेळी आम्ही मुद्दाम अशी पत्रं निवडली आहेत ज्यांत काहीतरी नेमकं विचारलं आहे. उत्तरं महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरती आहेत. गोवा आणि कर्नाटकाचे सागरी मासेमारी कायदे वेगळे आहेत, त्यामुळे इथले दंडाचे आकडे तिकडे लावू नका.

आम्ही गिलनेटवाले, पाण्यात उभं जाळं सोडून मासे अडकवणारे. रात्री आठ-नऊच्या सुमारास समोर दिवे लावून बेकायदा मासेमारी करणाऱ्यांच्या उजेडाचा डोंब दिसतो. फोन करतो, पण गस्ती नौका येईपर्यंत सगळं काळोखात. वर आम्हालाच सांगतात, पुरावा द्या. नेमकं टिपायचं काय? (मालवण तालुका)

सगळ्यात आधी जागा. तुमच्या जीपीएसवर जो आकडा दिसतो तो त्याच पद्धतीने उतरवा. १६ अंश ०२.५० मिनिटं आणि १६ अंश ०२ मिनिटं ५० सेकंद ह्या दोन वेगळ्या जागा आहेत. पहिलीत अर्धं मिनिट आहे, दुसरीत ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे नुसत्या लिहिण्याच्या गफलतीने जागा सहाशे मीटरांहून जास्त सरकते, आणि गस्ती नौका काळोखात भलत्याच ठिकाणी जाऊन परतते. वायरलेसवर सांगताना 'दशांश' हा शब्द तोंडाने उच्चारा.

पण ही झाली तुमची जागा, त्याची नव्हे. उजेड किती लांब आहे ते डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, रात्री पाण्यावर सगळेच फसतात. तुमचा डोळा पाण्यापासून २ मीटर वर आणि समोरचा दिवा ६ मीटर वर धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे तो दिवा फार तर ८ सागरी मैलांवरून थेट दिसतो. त्यापलीकडे दिसते ती आभाळावर पडलेली आभा. म्हणून 'दिवा दिसला' की 'नुसता उजेड दिसला' हे वेगवेगळं लिहा. नेमकी जागा हवी असेल तर दोन नौकांनी ठरवून एकाच मिनिटाला होकायंत्रावर उजेडाची दिशा घ्यायची आणि आपापली जागा लिहायची. नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे तो. दोन नौकांमध्ये मैल-दोन मैल अंतर हवं. शेजारी-शेजारी राहून घेतलेल्या दिशा जवळजवळ समांतर जातात, मग एक-दोन अंशांची चूक मैलाची होऊन बसते. होकायंत्र इंजिनपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब धरा.

आता खरी मेख. दिव्याची नौका एक असते आणि जाळ्याची दुसरी. दिवेवाली पाण्यावर उजेड धरून मासळी गोळा करते, पर्ससीनवाली (थव्याभोवती गोल जाळं टाकून ते खालून आवळणारी) येऊन वेढा घालते आणि निघून जाते. पहिलीला धरलं तर तिच्यात मासा नाही, दुसरीला धरलं तर तिच्यात दिवा नाही. म्हणून दोन्ही नौकांचे क्रमांक आणि त्या किती वाजता एकमेकींजवळ आल्या, हे दोन्ही हवं. तक्रारीत आणखी एक वाक्य घाला, ते फार उपयोगी पडतं : नौकेवरचा जनरेटर, केबल, दिव्यांचे स्टँड आणि पाण्यात सोडायचे दिवे यांचा पंचनामा व्हावा. केंद्र सरकारच्या १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात कृत्रिम दिव्यांच्या वापरालाच नाही, तर असे दिवे नौकेवर बसवण्यालाही मनाई आहे. दिवे विझवले म्हणून सुटका होत नाही. गस्त घालणाऱ्यांना हे माहीत असतं, पण तक्रारीत लिहिलेलं असलं की नजरेआड करणं अवघड जातं.

व्हिडिओ काढताना मोबाईलच्या झूमच्या नादी लागू नका, रात्री त्यात पांढरे ठिपके उरतात. त्यापेक्षा आधी स्वतःचा जीपीएस पडदा चित्रित करा, मग न थांबता कॅमेरा समोर वळवा आणि तोंडाने तारीख, वेळ, दिशा बोला. एकाच सलग चित्रणात जागा आणि दृश्य दोन्ही आलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागा-वेळेची माहिती पुसली जाते, तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ फोन ज्याच्या हातात आहे त्यालाच देणं सोपं जातं.

कळवायचं कुणाला? तुमच्या बंदराचा मत्स्य परवाना अधिकारी आणि जिल्ह्याचे सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय, या दोघांना. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. हा दुसरा मुळात समुद्रातल्या जीवघेण्या प्रसंगांसाठी आहे, एवढं भान ठेवा. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि पाठलाग, दगडफेक, जाळी कापणं यांतलं काही करू नका. त्या क्षणी तक्रारदाराचा आरोपी होतो आणि मूळ प्रकरण बाजूलाच राहतं.

पूर्वी आमचे आजे पेट्रोमॅक्स लावून मासे मारत. दिव्यात एवढं वाईट काय? (गुहागर)

दिव्याला मासे येतात ते सवयीने. उजेडाकडे सूक्ष्म प्राणी जमतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकूल. पेट्रोमॅक्स होडीभोवतीचं पाणी उजळायचा आणि सोबतचं जाळं माणसांच्या हाताने ओढलं जायचं. आता जनरेटरवर किलोवॅटांच्या हिशेबात दिवे लागतात आणि त्यांच्याखाली वेढा पडतो तो यांत्रिक पर्ससीनचा. लांबवर विखुरलेला थवा एका जागी आणून लहानमोठ्यासकट संपूर्ण उचलला जातो. पापलेट-सुरमईची जाळी लावणाऱ्याच्या वाट्याला जे विखुरलेलं यायचं ते येत नाही. अमावस्येच्या आसपास हे जास्त चालतं, कारण चांदण्यात दिव्याची ओढ कमी पडते. गस्तीचं वेळापत्रक तिथीवर बांधायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पर्ससीन म्हणजे बेकायदा, हे बरोबर ना? (पुणे)

नाही. सरसकट तसं म्हणण्याने खऱ्या गुन्ह्याचं वजन कमी होतं. डॉ. वि. स. सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. त्याप्रमाणे राज्याच्या जलधिक्षेत्रात (बारा सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) पर्ससीन फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात, परवाना असलेल्या नौकेनेच चालवायची, जाळ्याचा आस (छिद्राचं माप) २५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि उत्तरेकडे झाई ते मुरुड या पट्ट्यात पर्ससीन नाहीच. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचं धोरणही त्यातलंच. म्हणजे नोव्हेंबरात रत्नागिरीसमोर परवान्याची पर्ससीन दिसली तर तो गुन्हा नव्हे. तीच फेब्रुवारीत दिसली, किंवा गिलनेटचा परवाना घेतलेल्या नौकेवर 'मिनी पर्ससीन' दिसली, तर आहे. तक्रार करण्यापूर्वी महिना बघा, मग परवाना.

ट्रॉलचा (नौकेमागून ओढायच्या जाळ्याचा) खोळा, म्हणजे माल जमतो ती मागची पिशवी, ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा केला. तांडेल (नौकेचा प्रमुख) म्हणतो धंदा बुडाला. शिवाय तपासणीत आस कमी भरला म्हणून नोटीस आली. दुकानदाराने तर ४० चाच दिला होता. (हर्णै)

दोन प्रश्न आहेत. नोटिशीचा आधी घेऊ.

दुकानदार आस मोजतो गाठीच्या मध्यापासून समोरच्या गाठीच्या मध्यापर्यंत, जाळं ताणून. तपासणीत मोजली जाते ती आतली मोकळी जागा. मधे गाठीची जाडी जाते. दोरा जाड असेल तर ४० चा आस आतून ३७-३८ भरतो. दुकानदार खोटं बोलत नाही आणि तपासणाराही नाही. म्हणून विकत घेतानाच दोन-तीन मिलिमीटर वरचा आस घ्यायचा, आणि बंदरावर जाळं ओलं असताना खोळ्याच्या मधल्या भागातले सलग १० आस मोजून सरासरी काढायची. कडेचे, शिवणीजवळचे आस धरू नका, ते नेहमी आवळलेले असतात.

आता चौकोनी का, तेही पाहू. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. खोळ्यात माल भरून ओढ बसली की शंकरपाळं लांबट होऊन मिटतं, मग ४० चा आस असूनही बोट जाईल एवढीच फट उरते. तेच जाळं ४५ अंशांत फिरवून लावलं की ओढ सरळ दोऱ्यावर येते आणि चौकोन उघडा राहतो. ४० च्या आसाला प्रत्येक बाजू २० मिलिमीटरची. तेवढ्यातून चिल्लर मासळी निघून जाते, आणि पाणीही निघून जातं, त्यामुळे ओढ हलकी होऊन डिझेल थोडं वाचतं.

धंदा बुडाल्याचं म्हणाल तर तांडेलाला विचारा, कमी झालं ते काय? लिलावात टोपलीने विकला जाणारा माल, की फिशमीलच्या कारखान्याकडे ढिगाने जाणारा? दोन महिने दोन्हींचा हिशेब वेगळा लिहा. आकार लहान असलेली कोळंबी थोडी निसटते हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुख्य घट असते ती ढिगातली.

उलट खोळा चौकोनी करूनही बारीक माल तसाच येत असेल तर चूक बांधणीत आहे. चार कारणं नेहमीची. खोळा खाली खडकावर घासू नये म्हणून जुनं जाळं बांधतात, ते फक्त पोटाखाली हवं. अनेक जण ते चहूबाजूंनी गुंडाळतात आणि सगळे चौकोन बंद होतात. दुसरं, गाठींचं पॉलिथिलीन जाळं तिरकं वळवून लावलं की गाठी सरकतात आणि चौकोनाचं पुन्हा शंकरपाळं होतं. त्यासाठी बिनगाठीचं जाळं घ्या, महाग पडतं पण टिकतं. तिसरं, ओढ लांबवणे. मासे निसटतात ते मालाच्या फुगाऱ्याच्या लगेच पुढच्या भागातून. चार-चार तास ओढून फुगारा चौकोनी भागाच्या पुढे सरकला की पळवाटच संपली. चौथं कारण तुम्हाला माहीतच आहे : आतून बारीक जाळ्याचं अस्तर. ते चूक नव्हे, लबाडी आहे, आणि तपासणीत हात आत घालताच सापडते.

एक गोष्ट ट्रॉलरवाल्यांच्या बाजूने. डोल जाळ्यांना (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांना) हा ४० चा नियम लावता येत नाही, जवळा दोन-तीन सेंटिमीटरचा, तो थांबणार कुठे? पण उत्तर कोकणात पापलेटची पिल्लं डोलीतही येतात, आणि भरपूर येतात. पारंपरिक म्हटलं की सगळं निर्दोष, असं नाही.

मंडईत तळहाताएवढं पापलेट स्वस्तात मिळतं. ते घेणं गुन्हा आहे का? किती मोठं असावं? (डोंबिवली)

मंडईत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या मागे हा कायदा लागत नाही, त्याचा रोख नौकेवर आणि बंदरावर आहे. पण आकार ठरलेले आहेत. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींची किमान कायदेशीर लांबी जाहीर केली. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, बांगडा ११०, सुरमई ३७०, घोळ ७००. यादी वाचताना एक पथ्य : प्रत्येक जातीची लांबी कुठून कुठवर धरायची ते ठरलेलं असतं. कुठे तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, कुठे शेपटीच्या खाचेपर्यंत. खेकड्याच्या कवचाची रुंदी. पापलेटची शेपटी लांब आणि खोल खाचेची, तिथे चुकीचं माप घेतलं तर सरळ दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो.

हे आकडे म्हणजे किमान मर्यादा. मासा वयात आल्याची ती खूण नव्हे. सुरमईच घ्या. आपल्याकडची मोठी सुरमई पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास, आणि कायद्याची मर्यादा आहे ३७. म्हणजे ४० सेंटिमीटरची सुरमई कायदेशीर असेल, पण तिने एकदाही अंडी घातलेली नसेल. पापलेटला ४ सप्टेंबर २०२३ रोजी राज्यमाशाचा मान मिळाला, तो मान पिल्लांच्या वाट्याला मंडईत काही दिसत नाही. घरी घेताना सोपं माप : तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत वीतभर नसेल तर ते पापलेट राहू द्या, त्या दिवशी बांगडा घ्या. कोळीण रागावेल, पण पुढच्या खेपेला मोठं काढून ठेवेल.

जूनमध्ये बंदी असते, मग जुलैत ताजी मासळी येते कुठून? सगळी चोरीची का? (नाशिक)

सगळी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आंध्र आणि तमिळनाडूचा माल बर्फात घालून इकडे येऊ शकतो. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, खाडीतली मासळी असते, तळ्यातली वनामी कोळंबी असते, आणि शीतगृहातला मालही 'ताजा' म्हणून विकला जातो. संशय घ्यायचा तो या गोष्टीवर : जुलैत कोकणातल्याच बंदरावर पहाटे भरपूर ताजी राणीमासळी किंवा वाकटी उतरली तर. ती तळाजवळची, ट्रॉलची मासळी, होडीने एवढी येत नाही.

बारा मैलांबाहेर गेलं की मोकळं, असं आमच्याकडे सर्रास बोलतात. (श्रीवर्धन)

बोलतात खरं. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू. तिथून २०० मैलांपर्यंतचं क्षेत्र केंद्राचं, आणि तिथली अंमलबजावणी मुख्यतः तटरक्षक दलाकडे. २०१७ चा दिव्यांचा आदेश याच बाहेरच्या क्षेत्रासाठी होता, आणि बुल ट्रॉलिंगची (दोन नौकांनी मिळून एकच जाळं ओढण्याची) बंदीही त्यातच आहे. म्हणजे दिवा आतही चालत नाही आणि बाहेरही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या बाहेरच्या क्षेत्रासाठी नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार यांत्रिक नौकांना आणि मोठ्या मोटार नौकांना 'रियलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीवर प्रवेशपत्र काढावं लागतं. छोट्या पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट आहे. परदेशी नौकांसाठी १९८१ चाच दुसरा, केंद्राचा कायदा आहे.

आता बारा मैल मोजायचे कुठून? वाळूपासून नव्हे. ते आधाररेषेपासून मोजतात, आणि केंद्राने २००९ मध्ये अधिसूचित केलेल्या सरळ आधाररेषा किनाऱ्याच्या टोकांना आणि बेटांना जोडत जातात. त्यामुळे अनेक ठिकाणी बारा मैलांची हद्द वाळूपासून बारा मैलांच्या पलीकडे पडते. मोबाईलच्या नकाशावर किनाऱ्यापासून मोजून 'नौका तेरा मैलांवर, आपल्या हद्दीबाहेर' असं स्वतःच ठरवून तक्रार सोडून देऊ नका. जागा कळवा. हद्द कुणाची ते नौदलाच्या जलालेखन विभागाच्या नकाशावर अधिकारी ठरवतील.

किनाऱ्याजवळची हद्द मात्र मैलांत नसते. ट्रॉलिंगला मनाई असलेला पट्टा वावांत, म्हणजे खोलीत दिलेला असतो, कुठे ५ वाव, कुठे १० वाव. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. तिथे तक्रारीत अंतराबरोबर फिशफाइंडरवरची खोली आणि भरती-ओहोटीची वेळ लिहा. उधाणाच्या भरतीत तीच जागा दोन-तीन मीटरने खोल दिसते, आणि बचावाचा वकील नेमकं तेच बोट ठेवून दाखवतो.

आमच्या संस्थेच्या तक्रारीवर परराज्यातली नौका पकडली. गाजावाजा झाला, दंड मात्र किरकोळ. असं का होतं? (मच्छीमार सहकारी संस्था, रायगड जिल्हा)

आधी दर पाहा. कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. परराज्यातील नौकेला २ ते ६ लाख रुपये, शिवाय पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. दिवे किंवा बुल ट्रॉलिंगला ५ ते २० लाख. पर्ससीनच्या आदेशाचा भंग केला तर १ ते ६ लाख. ट्रॉल जाळ्यात कासवं सुटण्याचं साधन नसेल तर १ ते ५ लाख. पूर्वी निकाल तहसीलदार देत. त्यांच्याकडे जमिनीच्या फाइलींचा डोंगर, त्यात मासळीची फाइल कुठे सापडणार? आता हा अधिकार सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे आहे.

दंड घसरतो तो पंचनाम्यात. जप्त मासळी नाशवंत, म्हणून तिचा लगेच लिलाव होतो, आणि पाचपटीचा हिशेब ज्या किमतीवर उभा राहतो ती किंमत या लिलावातून येते. रात्री दोन वाजता तीन व्यापाऱ्यांसमोर लिलाव झाला आणि बांगडा मातीमोल गेला, तर दंडही त्याच मापाने उतरतो. संस्थेने करण्यासारखं सगळ्यात मोठं काम इथे आहे. लिलावाला आपले दोन माणूस हजर ठेवा, त्याच दिवसाचा त्याच बंदरावरचा दर लेखी द्या, आणि मासळी जातीवार वजन करूनच विकली जावी असा आग्रह धरा. 'मिश्र मासळी' एवढंच लिहिलं की सुरमईही चिल्लरच्या भावात जाते.

बाकीच्या फटी ठरलेल्या आहेत. नौका पकडली तेव्हाची जागा लिहिलेली असते, पण त्यावर तांडेलाची सही नसते. मग तो म्हणतो, इंजिन बंद पडलं, प्रवाहाने आत वाहत आलो. त्यावर उत्तर म्हणजे जाळं ओलं होतं का, खोळ्यात माल जिवंत होता का, इंजिन गरम होतं का, याच्या नोंदी. या तीन ओळी पंचनाम्यात असल्या की वाहत आल्याची गोष्ट टिकत नाही. जाळं जप्त झालं तर त्याचा आस तिथेच मोजून लिहायचा, बंदरात आणल्यावर नव्हे. क्रमांक रंगवून बदललेला असतो, तेव्हा नोंदणीपुस्तक आणि इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहायला सांगा. नौकेवर उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर (नौकेची जागा कळवणारं यंत्र) असेल तर त्याची त्या रात्रीची नोंद मागवा. या यंत्रणेचा देशव्यापी आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधूनच झाला. यंत्र बंद केलेलं आढळलं तर ते कधीपासून बंद होतं, तेही लिहून घ्या. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ९ ठिकाणांहून ड्रोनची टेहळणी सुरू झाली आहे, तेव्हा त्या वेळचं चित्रण होतं का, हे अर्जात विचारा.

आणि स्थानिक नौकेच्या बाबतीत दंडापेक्षा जास्त झोंबणारी गोष्ट म्हणजे परवाना आणि डिझेलचा करपरतावा. परतावा संस्थेमार्फत जातो. आपल्याच सभासदाचा प्रस्ताव अडवायला चेअरमनला जड जातं, पण दोषी ठरलेल्या नौकेचा प्रस्ताव निमूट पुढे पाठवणाऱ्या संस्थेने परराज्यातल्या ट्रॉलरवर मोर्चा काढला तर त्याचं वजन किती उरतं, तुम्हीच ठरवा.

माकूल घेणारी कंपनी आता प्रत्येक फेरीची तारीख, नौकेचा क्रमांक, परवाना मागते. नाही दिलं तर दर पाडते. हा त्रास कशाला? (मिरकरवाडा, रत्नागिरी)

माल युरोपात जातो म्हणून. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून समुद्रातून पकडलेल्या मासळीला पकड-प्रमाणपत्राची अट घातली. आपल्याकडे ते एमपेडा (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण) देते. त्यात नौका, परवाना, मासळीची जात, पकडीचं क्षेत्र, तारखा आणि वजन येतं. जानेवारी २०२६ पासून तिकडे ही कागदपत्रं एकाच संगणक प्रणालीत भरणं सक्तीचं झालं आहे. त्यामुळे एकाच नौकेच्या नावावर तिच्या खणात मावणार नाही एवढा माल दाखवला तर तो नजरेत येण्याची शक्यता वाढली. नेमकी हीच चूक बंदरावर होते : दलाल पाच नौकांचा माल एकत्र करतो आणि कागद एकाच नौकेचे जोडतो. कंटेनर अडकला की बाकीच्या चार निर्दोष नौकांचेही पैसे अडकतात. म्हणून प्रत्येक फेरीला उतरवलेल्या मालाची जातीवार वजनाची चिठ्ठी, तारीख आणि नौकेच्या क्रमांकासह, दलालाकडून सही करून घ्या आणि दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा. दर पाडायचं कारण मग त्याच्या हातात उरत नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे समुद्रातली कोळंबी २०१८ पासून अडली आहे ती ट्रॉल जाळ्यात कासवं सुटण्याचं साधन नसल्यावरून. तळ्यातली वनामी त्यातून सुटते. तुम्ही माकूलवाले असलात तरी तेच ट्रॉल जाळं कोळंबीलाही वापरत असाल, तर ते साधन बसवून घ्या. बसवताना वरची झडप कुठे उघडते ते पाहा : झडपेचा पल्ला लांब ठेवला तर ती दबून राहते आणि कासव अडकतं, आखूड ठेवला तर कोळंबीही निघून जाते. पहिल्या दोन-तीन ओढी आखूड ठेवा, दर वेळी जाळीच्या चौकटीवर काय अडकलं ते पाहा आणि त्याप्रमाणे झडप थोडी थोडी कापा. एकदम कापू नका.